कंट्रोलच्या काळातली घोंगडी

आज आम्ही लोकरीच्या धंद्याची गोष्ट सांगणार आहोत, तीही लढाईच्या काळातली. लोकर म्हटलं की कुणाला काश्मीर आठवतं, कुणाला शहरातल्या दुकानात टांगलेले कोट. पण आपल्या नायगाव, बिलोली, मुखेड, कंधारच्या पट्ट्यात लोकरीचा धंदा घराघरात होता. त्याला दुकान नव्हतं, पाटी नव्हती, वहीखातं नव्हतं. धनगराच्या घराची ओसरी हाच कारखाना आणि घरातली माणसं हेच कामगार. माल एकच, घोंगडी. पण तो पांघरायला चालायचा, अंथरायला चालायचा, पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायला चालायचा, आणि खंडोबाची तळी भरताना देवाखाली अंथरायलाही तोच लागायचा.

आधी लढाईचं सांगतो. पुस्तकात दुसरं महायुद्ध 1939 ला सुरू होऊन 1945 ला संपतं. आपल्या भागात ते तसं संपलं नाही. आपण निजामाच्या राज्यात होतो. नायगावचा वेगळा तालुका तेव्हा नव्हता, तो पुष्कळ पुढं झाला. जर्मनी हरली, जपान हरला, तरी आपल्याकडं कापडाची आणि रॉकेलची टंचाई तशीच राहिली. तिच्यावर रझाकारांचा काळ आला, आणि 17 सप्टेंबर 1948 ला निजामानं शरणागती पत्करली तेव्हा कुठं हा काळ सरला. म्हणजे बाकीच्या जगाला सहा वर्षांची लढाई, आपल्याला नऊ वर्षांची. या नऊ वर्षांत गिरण्या अडल्या, हातमाग अडले, बाजारपेठा अडल्या. घोंगडी मात्र चालत राहिली. ती का चालली, हे आम्हाला आज सांगायचं आहे.

त्यासाठी घोंगडी होते कशी, ते आधी बघू. ज्यांच्या घरी होती त्यांना माहीत आहे, पण आता पुष्कळ पोरींना माहीत नाही.

आपली मेंढी दख्खनी जातीची, बहुतेक काळी. वर्षातून दोनदा तिची कातरणी होते. एका मेंढीची वर्षाची लोकर साधारण अर्धा ते पाऊण किलो. मोठ्या घोंगडीला दहा-पंधरा मेंढरांची एका हंगामाची लोकर लागते. ही लोकर मऊ नसते. परदेशातल्या मेरिनो मेंढीच्या केसापेक्षा आपल्या मेंढीचा केस दुपटीनं जाड. म्हणून घोंगडी अंगाला टोचते. पण काट्याकुट्यात ती फाटत नाही. पावसात लोकर फुगते आणि वीण घट्ट होते, मग पाणी वरच्या वर निथळतं. एकदा पार भिजली की मात्र वाळता वाळत नाही. रेंगाळलेल्या कामाला आपण भिजत घोंगडं म्हणतो, ते काही उगाच नाही. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात. ती मऊ, तिची घोंगडी मऊ आणि भावही जास्त.

कातरलेली लोकर झटकायची, काडीकचरा वेचायचा, मग पिंजायची. पिंजलेल्या लोकरीचे पेळू करून चरख्यावर कातायचे. मग ताणा लावायचा. ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भिजवून, कुटून, शिजवून ही खळ होते. ती कुंच्यानं धाग्यावर फिरवायची, म्हणजे केस बसतात आणि धागा मागावर तुटत नाही. मग खड्ड्याच्या मागावर विणायचं.

यात कोण काय करायचं बघा. मेंढरं चारायला बाप्ये, कातरायला बाप्ये, मागावर बसायला बहुतेक बाप्ये. काडीकचरा वेचणं, पेळू करणं, चिंचोके फोडून खळ शिजवणं, आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे कातणं, हे बायांकडं. हातात मूल असो की चुलीवर कालवण, अधल्यामधल्या वेळात चरखा चालायचा. विणणाऱ्याला एक घोंगडी दोन-तीन दिवसांत उतरवता येते. तिचं सूत कातायला त्याच्या कितीतरी पट दिवस जातात. आणि बाजारात घोंगडी विकली की भाव सांगणारा पुरुष, पैसे मोजून घेणारा पुरुष. कातणीचा पैसा त्यात वेगळा धरलेला नसायचा. ती घरचीच, तिला कसली मजुरी! लढाईत हा धंदा कशावर टिकला याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

आता लढाईकडं वळू. 1939 ला हिंदुस्थानच्या सैन्यात दोन लाखांच्या आसपास माणसं होती. 1945 पर्यंत ती 25 लाखांच्या वर गेली. एवढ्या माणसांना कपडे, तंबू, पट्ट्या, कांबळी. गिरण्यांचं कापड आधी लष्कराकडं जाऊ लागलं. परदेशी कापड यायचं थांबलं. सुती कापडाचे भाव 1943 च्या मध्यापर्यंत लढाईच्या आधीच्या चौपट-पाचपट झाले. त्या जूनमध्ये इंग्रज सरकारनं कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम काढला. निजामाच्या राज्यातही कंट्रोल आला. कंट्रोल हा शब्द तेव्हापासून आपल्या बोलीत घट्ट बसला. कंट्रोलचं कापड, कंट्रोलची साखर, कंट्रोलचं दुकान. आजही रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणणाऱ्या बाया आहेत.

कापड मोजून मिळू लागलं की त्याचा चटका सगळ्यांना सारखा बसत नाही. बाप्याचं धोतर दोन भाग करून दोन वेळा नेसता येतं. बाईचं लुगडं नऊवारी. नऊ वार कापड एकदम लागतं, आणि ते विरलं की दांड घालून, म्हणजे मधला फाटका भाग कापून टोकं जोडून, परत नेसायचं. दांड घातलेलं लुगडं नेसून बाहेर पडायला बाईला लाज वाटायची. या काळात तेही जपून वापरावं लागलं.

आणि इथं एक गोष्ट आहे, जी इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाही, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनी बहुधा कधी गोधडी शिवलेली नसते. आपल्या घरातलं पांघरूण येतं कुठून? जुन्या लुगड्यातून. लुगडं विरलं की त्याची गोधडी, गोधडीही झिजली की पोराखाली घालायला दुपटं. नवं लुगडं आलं तर जुनं सुटं होतं. नवं आलंच नाही तर जुनं अंगावरच राहतं, आणि मग गोधडीला चिंध्या कुठल्या? कापडाची टंचाई म्हणजे नुसती नेसण्याची टंचाई नव्हती, पांघरण्याची पण होती. थंडी काही कंट्रोल बघून पडत नाही. अशा वेळी उरते ती घोंगडी.

आता कुणी म्हणेल, घोंगडीवालाही अडला असेल की. बघू या. नांदेड शहर एके काळी तलम मलमलीसाठी आणि जरीच्या काठांसाठी नावाजलेलं होतं. लढाईच्या वेळी तिथं उस्मानशाही गिरणी चालू होती. गावोगावी सुती हातमाग होते. पण हातमागवाल्याचं सूत तोवर गिरणीतून येऊ लागलं होतं. नुसत्या घरच्या सुतावर माग चालवायचे दिवस संपले होते. लढाईत सुतावर कंट्रोल आला, सूत कोट्यानं मिळू लागलं, काळ्या बाजारात त्याचा भाव चढला. माग घरचा, हात घरचे, पण सूत दुसऱ्याच्या हातात. रंगाचंही तेच. काठाचा रंग परदेशी, त्यातला पुष्कळसा जर्मनीचा. लढाई लागली आणि तो बंद.

घोंगडीला यातलं काहीच लागत नव्हतं. तिचा कच्चा माल चार पायांवर चालत घरी येतो. रंग मेंढीच्या अंगावरचाच, काळी ती काळी आणि पांढरी ती पांढरी. काठाला पांढरी रेघ पाहिजे तर पांढऱ्या मेंढीचा धागा घ्यायचा. खळ गावच्या चिंचेची. सूत घरच्या बाईच्या चरख्यावरचं. म्हणून कंट्रोलचं कुठलंही दुकान बंद असलं तरी माग अडत नव्हता. ज्या धंद्याला लोक मागासलेला म्हणत, तो नेमका त्या मागासलेपणामुळंच उभा राहिला. आम्हाला यात गंमत वाटते, आणि थोडा रागही येतो. कारण गिरणीचं सूत महागलं तर विणकराला कापडाचा भाव वाढवावा लागतो, पण घरच्या बाईची कातणी कितीही वाढली तरी तिचा भाव वाढत नाही.

तिची कातणी अवघडही झाली होती. 1942 मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारं रॉकेल बंद पडलं. आपल्याकडं चिमणी पेटवायला तेल मिळेना. दिवसा शेत आणि घर, कातायला वेळ तो रात्रीचाच. काळी लोकर काळ्या रात्री कातायची. कातणाऱ्या बाईला डोळ्यांपेक्षा बोटं जास्त लागतात हे खरं, पण धागा तुटला की टोक शोधायला उजेड लागतोच. चुलीच्या जाळाशी बसायचं नाहीतर चांदण्याची वाट बघायची, दुसरा मार्ग नव्हता.

आता याच काळात लोकरीच्या मोठ्या धंद्यात काय चाललं होतं, तेही बघा. कानपूरची लाल इमली, पंजाबातली धारीवालची गिरणी, या जुन्या लोकरी गिरण्यांना लष्कराचं काम. आपल्या मुलखात ठाण्याला रेमंड. ही गिरणी 1925 ची, मुंबईच्या ससून घराण्याच्या हातातली. लढाई चालू असतानाच, 1944 मध्ये, ती कानपूरच्या सिंघानिया घराण्यानं घेतली. कैलाशपत सिंघानिया हे त्यातलं मुख्य नाव. आज रेमंड म्हटलं की लग्नातला सूट डोळ्यांपुढं येतो. पण तेव्हा त्या गिरणीतून निघायची ती जाडीभरडी कांबळी आणि हलक्या भावाचं लोकरी कापड. भारी कापड पुढं आलं. पहिलं मोठं दुकान मुंबईला बॅलार्ड इस्टेटमध्ये 1958 ला निघालं.

म्हणजे बघा, एकाच लढाईत दोन घराणी जाड्याभरड्या लोकरीचाच माल काढत होती. एकाला आपण उद्योगपती म्हणतो, त्यांच्या गिरणीचा इतिहास छापला जातो, साल सापडतं, नाव सापडतं. दुसऱ्याला धनगर म्हणतो, आणि त्याच्या घोंगडीचा उल्लेख सरकारी गॅझेटिअरमध्ये एका ओळीत येतो, की या भागात धनगर जाडी कांबळी विणतात. त्या ओळीत बाई नसते. घराण्याचा धंदा तोही आणि हाही. फरक भांडवलाचा आहे, मान्य. पण सिंघानियांच्या गिरणीतल्या कातणाऱ्याला हजेरी होती आणि पगार होता, एवढं विसरू नका.

साऱ्या जगात लोकरीला लढाईत किती भाव आला होता, याचा एक दाखला पुरे. 1939 मध्ये लढाई सुरू होताच इंग्लंडच्या सरकारनं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधली सगळी लोकर एकरकमी विकत घ्यायचा करार केला. पहिल्या महायुद्धातही त्यांनी हेच केलं होतं. तिकडच्या बाया सैनिकांसाठी मोजे, गळपट्टे विणत होत्या. आपल्या शहरांतल्या साहेबांच्या बायकाही रेड क्रॉससाठी विणायच्या. त्यांच्या विणकामाचे फोटो निघाले, ते देशकार्य ठरलं. गांधीजींच्या चळवळीत सुती चरखाही झेंड्यावर गेला. लोकरीचा चरखा मात्र ओसरीतच राहिला. त्याचा फोटो काढायला कोण येणार होतं?

पैशाचीही एक अडचण सांगायला पाहिजे. निजामाच्या राज्यात वेगळा रुपया चालायचा, हाली सिक्का. इंग्रजी रुपयाला कलदार म्हणायचे. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. राज्याच्या हद्दीवर जकात, तिला करोडगिरी म्हणत. घोंगडी घेऊन वऱ्हाडात किंवा सोलापूर-पंढरपूरकडं जायचं तर नाक्यावर पैसे आणि पलीकडं दुसरंच नाणं. म्हणून पुष्कळ व्यवहार जवळच्या आठवडी बाजारात, माळेगावच्या यात्रेत, नाहीतर सरळ ज्वारीवर. एक घोंगडी, इतक्या पायल्या ज्वारी. पण लढाईच्या शेवटी शेवटी सरकारनं शेतकऱ्याकडून धान्याची लेव्ही घ्यायला सुरुवात केली. शेतकऱ्याच्या कणगीतलं धान्यच मोजलं जाऊ लागलं, तेव्हा घोंगडीच्या बदल्यात द्यायला त्याच्याजवळही हात आखडता आला.

मग आलं 1947. देश स्वतंत्र झाला, आपण नाही. लातुरात वकिली करणारा कासिम रझवी रझाकारांचा म्होरक्या झाला होता. त्याच्या आधीच, 1946 मध्ये, बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांचा खून झाला होता. 30 जानेवारी 1948 ला, दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, आपल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली, लढ्याला पैसा पाहिजे म्हणून. गावं रिकामी होऊ लागली. आपल्या भागातली माणसं हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. उमरखेडला लढ्याची छावणी होती. भारत सरकारनं निजामाची नाकेबंदी केली, त्याचा ताप प्रजेला पण झाला. मीठ, रॉकेल, कापड, सगळ्याची ओढाताण.

या दिवसांत मेंढपाळाची अवस्था कशी असेल, याचा विचार करा. शेतकरी रात्री घरात कडी लावून बसू शकतो. मेंढरांचा वाडा उघड्या रानात असतो. मेंढरं तर एका जागी राहत नाहीत, चाऱ्यामागं चालतात, आणि चालण्याची वाट हद्दीवरून जाते. मेंढरू म्हणजे चालता पैसा, तो हाकून नेणाऱ्याला अडवायला कुणी नाही. घर सोडून पळणाऱ्या बाईच्या गाठोड्यात काय असणार? भाकरी, मीठ-मिरची, लेकरू, आणि घोंगडी. ती रात्री पांघरूण, दिवसा सावली, आणि पावसात छप्पर. भांडी मागं राहिली तरी चालतील, ती मागं ठेवून चालत नव्हतं.

आणखी एक गोष्ट इथं बोलायलाच पाहिजे, ऐकायला जड असली तरी. हा धंदा एकट्या धनगराचा नव्हता. गावात कापूस पिंजून देणारे पिंजारी होते, काही ठिकाणी लोकरही तेच पिंजून देत. ते मुसलमान. पोलीस ॲक्शन 13 सप्टेंबरला सुरू झाली आणि पाच दिवसांत आटोपली, पण त्यानंतर गावागावांत सूड उगवला गेला. रझाकारांचा जुलूम खरा, आणि ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता असे मुसलमान मारले गेले हेही खरं. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपलं नांदेड. साऱ्या राज्यात 27 ते 40 हजार माणसं गेली असा तिचा अंदाज होता. हा अहवाल कितीतरी दशकं लोकांपुढं आला नाही. ज्या गावातून पिंजाऱ्याचं घर उठलं, तिथं धनुकलीचा आवाजही उठला. नऊ वर्षांच्या टंचाईत जी साखळी तुटली नव्हती, तिची एक कडी शांतता आल्यावर तुटली.

पुढची हकिकत लवकर सांगून टाकतो. कंट्रोल सैल झाला, लुगडी आली, गोधड्या परत शिवल्या जाऊ लागल्या. पानिपतहून जुन्या लोकरीच्या चिंध्यांची स्वस्त ब्लँकेटं आली, मग नायलॉनचा, पॉलिस्टरचा धागा आला. मेंढी आता लोकरीपेक्षा मटणासाठी पाळतात. मुखेडला शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. पण लोकरीचा भाव इतका पडला आहे की कातरणीचा खर्चही निघत नाही. पुष्कळ ठिकाणी कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात. लढाईनं जे केलं नाही ते स्वस्त ब्लँकेटानं केलं.

जाता जाता एक गंमत. आपल्या राष्ट्रध्वजाचं खादीचं कापड उदगीरला होतं आणि झेंडा नांदेडच्या खादी समितीत तयार होतो, हे आपल्याला ठाऊक असतं. त्याचा आपल्याला अभिमानही आहे. झेंड्याच्या जुन्या नियमात कापड कोणतं चालेल ते लिहिलं होतं: हातानं कातलेलं, हातानं विणलेलं, लोकरीचं, सुती किंवा रेशमी. लोकर पहिल्या नंबरावर होती.

माळेगावच्या यात्रेत अजून घोंगड्या विकायला येतात. यंदा गेलात आणि घ्यावीशी वाटली, तर काठाचा एक सुटा धागा मागून घ्या आणि काडीनं पेटवा. खरी लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येईल आणि राख बोटानं चुरगळेल. धागा वितळून कडक गोळी झाली तर ते प्लास्टिक. लोकरीची निघाली तर भाव करण्याआधी विकणाऱ्याला विचारा, दादा, ही कातली कुणी?